पॅराशूट उघडेपर्यंत

काच फुटल्याचा आवाज मैदानाच्या या टोकाला तिला स्पष्ट ऐकू आला.

रॉकेट वर गेलं होतं ते अगदी सुतासारखं सरळ. पुठ्ठ्याची नळी, हलक्या लाकडाचे चार पंख, टोकाला प्लास्टिकची टोपी – हातभर लांबीचं ते रॉकेट तिने स्वतः खपून बनवलं होतं. ढगाला टेकतंय की काय असं वाटेपर्यंत ते चढलं, वर क्षणभर थबकलं, ठरल्याप्रमाणे टोपी निघाली, लाल पॅराशूटही बाहेर आलं... आणि उघडलंच नाही. दोऱ्यांच्या गुंत्यात त्याची नुसती वात झाली. ती वात फडफडवत रॉकेट खाली आलं ते थेट कुंपणापलीकडच्या काचघरावर.

ती धावत सुटली. कुंपणाच्या फटीतून वाकून, तारेत अडकलेली स्वेटरची बाही सोडवत काचघराच्या दारात पोचली, तेव्हा एक उंच माणूस तिचं रॉकेट हातात घेऊन उभा होता. केसांत काचेचा चुरा, मनगटावरून लोंबणारं लाल पॅराशूट, आणि चेहरा शांत. इतका शांत, की त्यापेक्षा तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"हे तुमचं?"

"हो... माझंच. कुणाला लागलं का?"

"नाही." त्याने मागे पाहिलं. रोपांच्या दोन ओळींमध्ये एक वेताची खुर्ची होती. रिकामी. तिच्या बैठकीत काचेचा लांबट तुकडा उभा रुतला होता. "आत्या नुकतीच चष्मा आणायला उठली होती. रोज दुपारी ती इथेच बसते."

ती दातांची डॉक्टर. दिवसभर घाबरलेल्या माणसांना 'काही होत नाही' म्हणून धीर देणारी. आज ते वाक्य तिला स्वतःलाही सांगता येत नव्हतं.

"काच मी बसवून देते," ती कशीबशी म्हणाली.

"काच बसेल हो." त्याने रॉकेट तिच्या हातात दिलं – हळूच, रोप द्यावं तसं. "पण हे पुन्हा उडायचं नाही. निदान माझ्या छपराजवळ तरी नाही."

त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. परत जाताना तिच्या दोन गोष्टी लक्षात आल्या आणि दोन्हींचा तिला स्वतःचाच राग आला. एक म्हणजे त्याने पॅराशूटच्या दोऱ्या न तोडता नीट गुंडाळून दिल्या होत्या. दुसरी म्हणजे त्याचा उजवा गाल किंचित सुजला होता. दाढ, तिच्या मनाने परस्पर निदान करून टाकलं. आणि डोळे... डोळ्यांचं निदान करण्याचं तिला काहीच कारण नव्हतं.

*

रॉकेट उडवणाऱ्या हौशी मंडळींचा त्या गावात एक क्लब होता आणि त्याच्या अध्यक्षांना सगळे कॅप्टन म्हणत. ते सैन्यात कधीच नव्हते, पोस्टात होते; पण उलटी मोजणी ते अशा आवाजात करत, की दुसरं नाव शोभलंच नसतं.

"मैदान नगरपालिकेचं," कॅप्टन दुसऱ्या दिवशी तिच्या दवाखान्यात येऊन बसले. "शेजाऱ्याची हरकत नसेल तरच मिळतं. आणि शेजारी एकच, तो नर्सरीवाला. त्याने नाही म्हटलं तर स्पर्धा गेली, क्लबही गेला. तेव्हा डॉक्टर, यंदा तुम्ही जरा... बसून बघा."

वार्षिक स्पर्धा जवळ आली होती. रॉकेटच्या पोटात कच्चं अंडं ठेवून ते वर पाठवायचं आणि न फोडता खाली आणायचं. गेली दोन वर्षं तिच्या अंड्याचा जमिनीवर चिखल झाला होता. दोन्ही वेळा कारण तेच – पॅराशूटचा गुंता.

"बसून बघणार नाही," ती म्हणाली. "उडवणार. आणि ते उघडणार."

"आणि नर्सरीवाला?"

"त्यांना मी दाखवून देईन."

कॅप्टननी तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे पाहिलं, आणि टोपी घालून निघून गेले.

*

रविवारी ती काच घेऊन नर्सरीत हजर झाली. बरोबर एक हातोडा, चुकीच्या आकाराचे खिळे आणि भरपूर निश्चय. शिडीवर चढून तिने काच चौकटीत बसवायचा प्रयत्न केला, तेव्हा खालून आत्यांचा आवाज आला.

"बाई गं, ती काच आडवी धरली आहेस."

आत्या ठेंगण्या, चष्मा कपाळावर चढवलेला. आईवडील गेल्यावर त्यांनीच त्याला वाढवलं होतं, हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं. तो त्यांच्या लेखी अजून 'बाळ्या' होता, हेही.

बाळ्या – त्याचं वय तिशीच्या पलीकडचं – मागून आला, दुसरी शिडी लावून चढला आणि काचेची दुसरी बाजू धरली. बाहेर पाऊस भुरभुरत होता. छपराच्या मोकळ्या चौकटीतून थेंब आत येऊन दोघांच्या चेहऱ्यावर पडत होते आणि दोघांचेही हात गुंतलेले, त्यामुळे पुसता कुणालाच येत नव्हते.

"मला एक संधी हवी आहे," ती म्हणाली.

"हातोडा द्या आधी."

तिने हातोडा दिला. "तुमची पाण्याची टाकी उंच आहे. तिथून मला पॅराशूट टाकून बघू द्या. रॉकेट नाही, नुसतं पॅराशूट आणि वजन. दर वेळी उघडायला लागलं की मगच उडवीन. नाही उघडलं तर मी स्वतः कॅप्टनना सांगेन, की मैदान बंद करा."

"स्वतः सांगाल?"

"स्वतः."

त्याने काच पक्की धरणारं लुकण कडेला दाबत तिच्याकडे पाहिलं. थेंब त्याच्या भुवईवरून ओघळून नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला.

"तुम्ही हट्टी आहात."

"चिकट आहे. लुकणासारखी."

तो हसला, आणि हसताना उजवा गाल सांभाळून हसला. "संध्याकाळी या. उजेड असेपर्यंत टाकी तुमची."

*

त्यानंतर रोज संध्याकाळी तिने टाकीवरून काय काय नाही टाकलं. पातळ प्लास्टिकचं पॅराशूट, जाड प्लास्टिकचं, मग छत्रीच्या कापडाचं. तो खाली उभा राहून पडलेलं उचलायचा, शिडीवरून वर आणून द्यायचा, आणि वर आल्यावर क्षणभर दम खायचा. तो दम हळूहळू गरजेपेक्षा लांबत चालला होता, पण ती घाई करत नव्हती. तोही.

"हे काय टाकताय त्यावर?" एकदा त्याने विचारलं.

"पावडर. हातमोज्यांना लावतात ती. प्लास्टिक घडी करून ठेवलं की एकमेकांना चिकटतं, थंडीत तर जास्तच. पावडर लावली की घड्या सुटतात."

"म्हणजे दात आणि रॉकेट, औषध एकच."

"तुमच्या दाढेला मात्र पावडरने भागणार नाही."

त्याने गालावरचा हात झटकन खाली घेतला. "कुठली दाढ?"

"उजवी, खालची. चहा डावीकडून पिता तुम्ही."

"तुम्ही माझ्या चहाकडे बघता?"

"दाढेकडे बघते," ती म्हणाली, आणि पावडरचा डबा बंद करायला तिला जरा जास्तच वेळ लागला.

रोज थोडं थोडं सुधारत होतं. आधी ती दोऱ्या घडी केलेल्या कापडाभोवती घट्ट गुंडाळायची. आता नुसता एक सैल वेढा द्यायची. मासे धरायच्या गळाला असते तशी गोल फिरणारी कडी तिने मध्ये बसवली. आता रॉकेटने गिरक्या घेतल्या, तरी दोऱ्यांना पीळ पडत नव्हता. टाकीवरून टाकलेलं पॅराशूट आता फुलासारखं उघडून सावकाश खाली यायचं आणि आत्या काचघराच्या दारातून मान डोलवायच्या.

मग तिने खऱ्यासारखी चाचणी ठेवली. रॉकेट उडतं तेव्हा इंधन संपल्यावर आतली चिमूटभर दारू पेटते आणि तिच्या धक्क्याने टोपी आणि पॅराशूट बाहेर फेकलं जातं. दारूऐवजी तिने पायाने मारायचा हवेचा पंप जोडला. रॉकेट बाकावर आडवं ठेवलं. पंपावर तो.

"मारा."

त्याने पाय दाबला. फट्ट आवाज झाला, टोपी उडाली, पॅराशूट बाहेर आलं... आणि गुंतलं. पुन्हा घडी केली. पुन्हा गुंतलं. अंधारून येईपर्यंत तिने करून पाहिलं आणि शेवटी दोऱ्यांचा तो गोळा मांडीवर घेऊन ती बाकावर बसून राहिली. डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, पण ते आलं नाही यासाठी तिला ओठ आवळून धरावे लागले होते. तो बाजूला उभा होता. तिच्या खांद्यावर आपलं जाकीट ठेवून तो पंप आत ठेवायला गेला.

*

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पेशंट खुर्चीत असतानाच कॅप्टन दारातून कागद फडकवत आत आले.

"झालं काम, डॉक्टर. सकाळी नर्सरीवाल्याने स्वतः आणून दिला. काही हरकत नाही, असं लिहून सहीसुद्धा केली आहे. आता बिनधास्त उडवा."

तिने कागद वाचला. आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी तिचे कान तापले. पेशंटची दाढ भरून झाली तशी तिने हातमोजे काढले, कॅप्टनच्या हातातून कागद घेतला आणि जेवणाच्या सुट्टीत थेट नर्सरी गाठली.

तो रोपांना पाणी घालत होता. तिला पाहून त्याचा चेहरा उजळला, आणि तिचा चेहरा पाहून विझला.

"ही सही का केलीत?"

"तुमचं काम अडू नये म्हणून."

"काल गुंता झाला. तुमच्या डोळ्यांदेखत."

"झाला."

"मग?"

पाण्याची नळी त्याच्या बुटांवर वाहत होती; त्याचं लक्ष नव्हतं. "काल तुम्ही बाकावर बसला होतात ना... तो चेहरा मला बघवला नाही."

तिने वाकून नळी बाजूला सारली. मग म्हणाली, "सही पॅराशूटकडे बघून करायची होती. माझ्याकडे बघून नाही."

"डॉक्टर –"

"आत्या इथे बसतात. रोज. मला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही त्यांच्या डोक्यावर धोका ठेवलात. मला सूट नको होती हो. मला ते खरंच उघडायला हवं होतं."

त्याने वेताच्या खुर्चीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "चुकलं माझं," तो हळूच म्हणाला. कसलीही सबब नाही.

तिने कागद कुंड्यांच्या फळीवर ठेवला. "उघडलेलं बघाल तेव्हा द्या. नाही उघडलं तर देऊ नका."

ती निघाली. रस्त्याच्या वळणापर्यंत रागाने चालली. वळणावर मात्र तिची पावलं मंदावली, कारण त्याचं एक वाक्य आता कुठे तिच्या डोक्यात नीट शिरलं होतं. चेहरा बघवला नाही... असं कोण कुणाला म्हणतं? तिला हसू आलं, आणि राग तसाच होता, आणि दोन्ही एकाच वेळी घेऊन चालणं फार अवघड होतं.

*

पुढचे काही दिवस ती एकटीच दवाखान्याच्या मागच्या खोलीत झगडत राहिली. पंप पायाने मारायचा, रॉकेट बाकाला बांधायचं, आणि मोबाइल समोर ठेवून सगळं संथ गतीत टिपायचं. पंपावर पाय ठेवला की दर वेळी तिला वाटायचं, आत्ता कुणीतरी म्हणेल – मारू का? कुणी म्हणायचं नाही.

आणि एका दुपारी तिला ते दिसलं.

टोपी आणि नळी एका रबरी दोरीने जोडलेली असतात. धक्का बसला की टोपी जोरात लांब जाते, दोरी ताणली जाते, आणि ताणलेलं रबर टोपीला तितक्याच जोराने परत खेचतं. परत येताना टोपी पॅराशूटच्या दोन दोऱ्यांच्या मधून, सुईच्या नेढ्यातून दोरा जावा तशी आरपार निघून जात होती. गुंता घडीमुळे नव्हताच. ती इतके दिवस भलत्याच जागी शोधत होती.

तिने तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. रबरी दोरी फारच आखूड होती, आणि पॅराशूट टोपीच्या अगदी गळ्याशी बांधलेलं. तिने रबर काढून टाकलं. त्याजागी न ताणणारी दोरी घेतली, चांगली लांब, तिच्या नागमोडी घड्या घालून वर कागदाच्या पातळ पट्ट्या चिकटवल्या – म्हणजे एकेक पट्टी फाटत जाईल आणि धक्का वाटेतच विरून जाईल. पॅराशूट टोपीपासून लांब, दोरीवर बरंच खाली बांधलं. पंप मारला.

उघडलं.

तिने मागे वळून पाहिलं. खोलीत कुणीच नव्हतं, आणि त्या क्षणी तिला ते फार जाणवलं.

त्याच संध्याकाळी दवाखाना बंद करायच्या वेळी दार वाजलं. दारात तो उभा. उजवा गाल आता लपण्यापलीकडे सुजलेला, आणि डोक्यावरची टोपी हातात पिळत.

"मला या खुर्चीची भीती वाटते," तो म्हणाला. "लहानपणापासून. तरी आलोय."

"बसा."

तो बसला, पण टेकला नाही. "खरं सांगा, दुखेल?"

"सुई टोचताना दुखेल. नंतर नाही."

"बरं वाटलं," तो म्हणाला आणि टेकला. "सगळे म्हणतात अजिबात दुखणार नाही, आणि मग मला आणखी भीती वाटते."

तिने सुई दिली. त्याने डोळे मिटले, खुर्चीचे हात घट्ट धरले, पण हलला नाही. गाल बधिर व्हायची वाट बघत ती बाजूच्या स्टुलावर बसली. बाहेर पागोळ्यांचा आवाज येत होता. दिव्याच्या उजेडात त्याच्या पापण्या तिला इतक्या जवळून प्रथमच दिसत होत्या.

मग तोंडात कापसाचे बोळे ठेवून तिने काम सुरू केलं, आणि काम करता करता बोलायला लागली. रबराचं सांगितलं, टोपीचं सांगितलं, नागमोडी घड्यांचं सांगितलं. तो नुसता "म्म... म्म" करत होता. बरोबर जागी बरोबर म्म.

"आता तुम्हाला बोलता येत नाहीये म्हणून एक सांगून टाकते," ती दाढेकडेच बघत म्हणाली. "आज ते उघडलं तेव्हा मी मागे वळून बघितलं. तुम्ही असाल असं वाटलं. नव्हतात. त्यामुळे अर्धाच आनंद झाला."

तो एकदम उठायला लागला. "म्म –"

"हलू नका. नंतर."

पण नंतर त्याचं तोंड वाकडंच होत होतं आणि शब्द जिभेवरून घसरत होते. दारापाशी त्याने बराच प्रयत्न केला, आणि शेवटी जे बाहेर पडलं त्यातलं तिला एवढंच कळलं – "उद्या... टाकीवर."

*

टाकीवर, पंपावर, मग मैदानाच्या दूरच्या टोकाला एका लहानशा रॉकेटवर – पॅराशूट उघडत राहिलं. आता दुसरीच अडचण उभी राहिली. ते इतकं छान उघडायचं, की वाऱ्यावर बसून रस्त्यापलीकडे जायचं. एकदा दोघं ते शोधत उसासारख्या उंच गवतात कमरेपर्यंत भिजले.

"खाली यायचंच नाहीये त्याला," तो म्हणाला.

"आणायचं कसं ते मला माहीत आहे." तिने कात्री काढली आणि पॅराशूटच्या अगदी मध्यभागी टेकवली. मग थांबली. इतक्या निगुतीने शिवलेलं कापड... हात धजेना.

"भोक पाडणार?"

"मधून थोडी हवा जाऊ दिली की ते हेलकावे खात नाही. जरा लवकर खाली येतं, भरकटत नाही. हे मला कळतं. हाताला कळत नाहीये."

त्याने काही सुचवलं नाही की कात्री मागितली नाही. नुसतं कापड दोन्ही हातांनी ताणून तिच्यासमोर धरलं. तिने कापलं. सरळ, गोल, एका दमात.

त्या संध्याकाळी रॉकेट त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर उतरलं. तो चालत काचघरात गेला, फळीवरचा कागद घेऊन आला आणि तिच्यापुढे धरला.

"आज पॅराशूटकडे बघून देतोय," तो म्हणाला. "तुमच्याकडे अजिबात न बघता." आणि खरोखरच मान वळवून उभा राहिला.

तिने कागद घेतला. तो घेताना त्याची बोटं तिच्या बोटांत जरा अडकली, आणि सोडवायची घाई कुणीच केली नाही.

*

स्पर्धेची सकाळ बोचऱ्या थंडीची निघाली. वारा मैदानाकडून काचघराकडे वाहत होता. तेच तिला नको होतं. सगळ्यात आधी ती काचघरात गेली. आत्या आपल्या खुर्चीत शाल पांघरून बसल्या होत्या.

"आत्या, थोडा वेळ बाहेर येऊन बसा."

"का? उघडतंय ना आता?"

"उघडतंय. माझी खात्री आहे. तरी उठा, माझ्यासाठी."

आत्यांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं, बाळ्याला खुर्ची उचलायला सांगितली आणि मैदानाच्या कडेला, सगळ्यांच्या पुढे, मधोमध जाऊन बसल्या.

तिचा नंबर आला. तिने रॉकेट हातात घेतलं आणि थबकली. पॅराशूट तिने आदल्या संध्याकाळी घडी करून भरलं होतं, आणि रात्रभर ही थंडी. घड्या चिकटल्या असणार.

"कॅप्टन, मला पुन्हा घडी घालायची आहे."

"आत्ता? डॉक्टर, लोक खोळंबलेत. नंबर सोडला तर थेट शेवटी जाल, तोवर वारा वाढेल."

"वाढू दे. शेवटी जाते."

कुणीतरी हसलं. गेल्या दोन वर्षांच्या चिखलाची कुणीतरी आठवणही काढली. ती गवतावर गुडघे टेकून बसली, टोपी काढली आणि पॅराशूट बाहेर काढून झटकलं. तो येऊन समोर बसला, न सांगता. तिने हात पुढे केला की त्यावर पावडर यायची. दोऱ्या पसरल्या की त्याची बोटं त्या वेगळ्या धरून ठेवायची. घडी झाली, सैल वेढा झाला, दारूची धग लागू नये म्हणून खाली न जळणाऱ्या कागदाचे बोळे गेले. अंडं कापसात बसवलं. नळी जराशी काचघराच्या उलट्या दिशेला झुकवून तिने रॉकेट उभं केलं.

कॅप्टननी उलटी मोजणी केली आणि ते गेलं.

वर, वर... धुराची रेघ, मग रेघही नाही, नुसता ठिपका. ठिपका थांबला. तिचा श्वासही. टोपी निघालेली दिसली, दोरी घडीघडीने उलगडत गेली, लाल कापड बाहेर आलं, एकदा आचका दिला...

आणि उघडलं.

वाऱ्याने त्याला काचघराकडे रेटलं, पण ते भरकटलं नाही. सावकाश, जिना उतरावा तसं उतरत ते आत्यांच्या डोक्यावरून गेलं आणि कुंपणाच्या अलीकडे गवतात टेकलं. ती धावली. तोही धावला, तिच्या आधी पोचला, पण हात न लावता बाजूला उभा राहिला.

तिने नळी उघडली, कापूस उलगडला. अंडं तिच्या तळहातावर आलं. अख्खं, पांढरंशुभ्र, साधा तडाही नाही.

मागे टाळ्या पडत होत्या. कॅप्टन मोठमोठ्याने काहीतरी जाहीर करत होते. तिला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. ती गवतात बसली होती, धापा टाकत, आणि तो तिच्यासमोर गुडघ्यावर.

"मला त्या दिवशी खुर्चीतून उठून जे सांगायचं होतं," तो म्हणाला, "ते..."

"मला माहीत आहे."

"मग?"

"तरी सांगा. मला ऐकायचंय."

"तुम्ही नसलात की संध्याकाळ होतच नाही. नुसता अंधार पडतो. माझं तुमच्यावर प्रेम आहे, डॉक्टर... आणि आता गाल बधिर नाहीये, त्यामुळे हे नीट कळलं असेल."

"कळलं," ती म्हणाली. तिने नजर खाली घेतली नाही. "उद्या संध्याकाळी नर्सरीत येऊ ना मी?"

"चाचण्या संपल्या की आता."

"संपल्या." तिने अंडं एका हातात सांभाळून दुसरा हात त्याच्या हातात दिला. "आता नुसतीच येणार. तुला भेटायला."

त्या 'तुला'वर तो क्षणभर अडखळला. मग हसला. गाल न सांभाळता, पुरता.

"ये," तो म्हणाला. "लवकर ये."